दुसऱ्या शाखेचं गणित
(मासळीची हॉटेलं वाढतात कशी आणि अडतात कुठे?)

सबमिशनचा ताप डोक्यात गेला की हॉस्टेलच्या कुठल्या ना कुठल्या खोलीतून एक घोषणा हमखास ऐकू येते, "नोकरी गेली उडत, आपण हायवेला हॉटेल टाकू!" आपल्या नेवासा तालुक्यात तर ही घोषणा लगेच पुढे सरकते. कारण प्रवरासंगम-टोक्याजवळ पुलाच्या आसपास तळलेल्या माशांचा वास गाडी थांबवायला लावतो. मग कोणीतरी म्हणतो, "आधी एक टाकू, चाललं की नगरला दुसरं, संभाजीनगरला तिसरं... चेनच काढू!"

ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण एक प्रश्न आधी विचारायला हवा. वडापावची चेन निघते (मालाडला २००१ साली सुरू झालेला जम्बोकिंग आठवा), उडप्याची हॉटेलं गावोगाव दिसतात, पिझ्झावाले तर तालुक्यालाही पोचले. मग शेकडो किलोमीटर किनारा असलेल्या आपल्या महाराष्ट्रात मासळीच्या हॉटेलांच्या शाखा एका हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात, त्या का? चव कमी पडते म्हणून? अजिबात नाही! मग अडतं कुठे? या लेखात हाच धडा आपण नीट सोडवून पाहू. वही-पेन घेऊन बसलात तर उत्तम, कारण थोडं गणितही आहे.

१) खानावळ ते लंच होम

मुंबईत मासळीच्या हॉटेलांचं मूळ आहे खानावळीत. गिरणगावात कोकणातून आलेला चाकरमानी एकटा राहायचा. त्याला दोन वेळचं जेवण लागायचं आणि ते गावासारखं लागायचं. त्याच वस्तीतल्या बायका घरातच दहा-वीस जणांचा स्वयंपाक करायच्या आणि महिन्याचा हिशेब ठेवायच्या. अशाच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

खानावळीचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. गिऱ्हाईक ठरलेलं, संख्या ठरलेली, त्यामुळे मासळी किती आणायची हे सकाळीच माहीत. बाजारात बांगडा स्वस्त असेल तर आज बांगडा, नाहीतर बोंबील. 'मेनू कार्ड' नावाची भानगडच नाही! आपली मेसही याच तत्त्वावर चालते, म्हणून तिथे तक्रार चवीची होते, जेवण संपल्याची क्वचितच होते.

पुढे ऑफिसांच्या भागात 'लंच होम' आली. १९७०च्या दशकात मंगळूरकडच्या करकेरा कुटुंबाने मुंबईच्या फोर्ट भागात महेश लंच होम सुरू केलं. नावाप्रमाणे दुपारचं साधं जेवण देणारी जागा. तिथून ते जुहूला गेलं, पुढे पुणे आणि बंगळूरपर्यंत शाखा निघाल्या. विलेपार्ल्याच्या गजालीने मालवणी जेवण घेऊन अशीच वाट धरली आणि सिंगापूरलाही शाखा काढून पाहिली. (गजाली म्हणजे मालवणीत गप्पागोष्टी. हॉटेलला यापेक्षा चांगलं नाव कुठलं!)

ही आपल्याकडची यशस्वी उदाहरणं. पण पाहा, चांगली काही दशकं गेली, नाव झालं, पाहुणे बाहेरगावाहून शोधत येतात, तरी शाखांचा आकडा शंभरात जात नाही. मालकांना धंदा कळत नाही म्हणून नव्हे, उलट तो चांगला कळतो म्हणून!

२) मसाला प्रवास करतो, मासळी करत नाही

कुठलीही चेन म्हणजे एकच वचन अनेक ठिकाणी पाळणं. 'तिथे खाल्लं तेच इथे मिळेल' हे ते वचन. वडापावात बटाटा, बेसन, पाव. तिन्ही गोष्टी बारा महिने मिळतात आणि दोन दिवसांनी बिघडत नाहीत. मालवणी मसाला एका जागी कुटून, वजन करून, पाकिटं भरून दहा गावांना पाठवता येतो. म्हणजे 'हाताची चव' हा लोक समजतात तेवढा मोठा अडथळा नाही. चव मापात बसवता येते. ताजेपणा मात्र पाकिटात भरता येत नाही.

मासळी बिघडण्याचा एक साधारण नियम अन्न-तंत्रज्ञानात वापरतात. बर्फात, म्हणजे ० अंश सेल्सियसला, बिघडण्याचा वेग १ धरा. तापमान 'त' अंश असेल तर वेग होतो (१ + ०.१ × त) चा वर्ग. आता आकडे घाला :

५ अंशाला वेग २.२५ पट
१० अंशाला ४ पट
२० अंशाला ९ पट

म्हणजे बर्फात जी मासळी १० दिवस धड राहते ती १० अंशाला अडीच दिवस आणि २० अंशाला जेमतेम एक दिवस. घरच्या फ्रिजचं दार वारंवार उघडलं की आत सात-आठ अंश सहज होतात. 'फ्रिजमध्ये ठेवलं होतं की!' या वाक्याला काही अर्थ नाही, हे यावरून कळेल.

मग बर्फ किती लागतो? १०० किलो मासळी ३० अंशावरून ० अंशावर आणायची आहे. मासळीची विशिष्ट उष्णता सुमारे ३.६ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश.

काढायची उष्णता = १०० × ३.६ × ३० = १०,८०० किलोज्यूल
१ किलो बर्फ वितळताना शोषतो सुमारे ३३४ किलोज्यूल
म्हणून बर्फ = १०,८०० ÷ ३३४ = सुमारे ३२ किलो

हे झालं फक्त थंड करण्यापुरतं. आता समजा पेटीच्या भिंतींतून २०० वॉट उष्णता आत शिरते आणि प्रवास ६ तासांचा आहे. आणखी ४,३२० किलोज्यूल, म्हणजे १३ किलो बर्फ. झाले ४५ किलो. त्यात पेटी उघडणं, उन्हात टेम्पो उभा राहणं, हॉटेलात पोचल्यावर रात्रीपर्यंत टिकवणं. म्हणूनच उष्ण देशांत 'किलोला किलो बर्फ' हा अंगठ्याचा नियम झाला. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर न देताही मासळीवाल्या मावशींना हे उत्तर पाठ असतं.

म्हणजे १०० किलो मासळीची दुसरी शाखा काढली की तुम्ही खरं तर २०० किलो वजन रोज हलवत असता, त्यातला अर्धा माल गटारात वाहून जाणारा! वडापाववाल्याला हा खर्चच नाही.

३) पेपरवाल्या पोराचं गणित

ऑपरेशन्स रिसर्चमध्ये एक प्रसिद्ध गणित आहे. पेपर विकणाऱ्या पोराने सकाळी किती पेपर उचलावेत? कमी उचलले तर गिऱ्हाईक परत जातं, जास्त उचलले तर रद्दी. मासळीचं हॉटेल म्हणजे हेच गणित, फक्त रद्दीला वास येतो!

समजा, एक प्लेट २५० रुपयांना जाते. त्यातली मासळी १०० रुपयांची आणि तेल-मसाला-इंधन ३० रुपयांचं (हे तळल्यावरच खर्च होतं). मासळी कमी पडली तर प्लेटमागे २५० − १३० = १२० रुपयांची कमाई बुडते. मासळी उरली आणि फेकावी लागली तर १०० रुपये जातात. किती माल भरावा याचं प्रमाण :

१२० ÷ (१२० + १००) = ०.५५

अर्थ असा की, १०० दिवसांपैकी ५५ दिवस मागणी पुरी होईल इतकाच माल भरणं फायद्याचं. उरलेले ४५ दिवस कोणाला तरी "संपलं साहेब" सांगावं लागणार. एवढ्या वेळा 'संपलं' ऐकणारं गिऱ्हाईक कशाला पुन्हा थांबेल?

आता बर्फाची चोख सोय करा. उरलेली मासळी दुसऱ्या दिवशीही चांगल्या स्थितीत वापरता आली आणि बर्फ-घटीचा मिळून प्लेटमागे फक्त ३० रुपयांचा तोटा झाला, असं धरा.

१२० ÷ (१२० + ३०) = ०.८०

आता १०० पैकी ८० दिवस कोणीही परत जात नाही. मसाला तोच, आचारी तोच, जागा तीच. बदललं फक्त तापमान! म्हणून मासळीच्या हॉटेलात शेफपेक्षा आधी बर्फाची पेटी विकत घ्यावी असं म्हणतो, ते यासाठी.

आता दुसरी शाखा काढा. दोन्ही ठिकाणी रोज सरासरी ६० प्लेटा जातात आणि प्रमाण विचलन १५ प्लेटांचं आहे. ८० टक्क्यांची खात्री हवी तर सरासरीवर ०.८४ × १५ = सुमारे १२.६ प्लेटांचा जादा माल ठेवावा लागतो. दोन शाखा वेगवेगळ्या असतील तर २५ प्लेटा जादा. पण दोघींचा साठा एकच असेल तर? विचलनांची बेरीज सरळ होत नाही, वर्गांची होते. २२५ + २२५ = ४५०, त्याचं वर्गमूळ २१.२. म्हणजे जादा माल फक्त १८ प्लेटांचा. रोज ७ प्लेटांची मासळी वाचली, काहीही न करता!

पण याला दोन अटी आहेत. एक, संध्याकाळी माल इकडून तिकडे हलवता आला पाहिजे, म्हणजे शाखा जवळ हव्यात. दोन, दोन्ही ठिकाणची गर्दी एकाच दिवशी वाढता-घटता कामा नये. श्रावण लागला की दोन्हीकडे मागणी एकदमच उतरते, तिथे वर्गमुळाची जादू चालत नाही.

आता कळेल, जाणकार मालक शाखा जवळजवळ आणि सावकाश का काढतात. दूरची शाखा म्हणजे नवा साठा, नवा बर्फ आणि नवा धोका.

४) समुद्र नसलेल्या गावातून सातशे शाखा

मग कोणालाच जमलं नाही का? जमलं. आणि ज्या गावात जमलं तिथे समुद्रकिनारा नाही! अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात लेकलँड नावाचं गाव आहे. नावाप्रमाणे तळ्यांचं गाव, किनाऱ्यापासून आत. तिथे १९६८ साली बिल डार्डन यांनी रेड लॉब्स्टर नावाचं साधं, सहकुटुंब जाण्याजोगं मासळीचं हॉटेल काढलं. दोन वर्षांत पाच हॉटेलं झाली आणि १९७० मध्ये जनरल मिल्स या धान्य-पिठाच्या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. पुढच्या पंचवीस वर्षांत शाखा सातशेच्या घरात गेल्या.

कसं केलं? त्यांनी 'आजची ताजी' हा हट्ट सोडला आणि 'रोज सारखी' हे वचन दिलं. माल जगभरातून एकत्र खरेदी करायचा, झपाट्याने गोठवायचा, उणे १८ अंशाला ठेवायचा आणि मापात कापलेले तुकडे शाखांना पाठवायचे. झपाट्याने गोठवण्याला महत्त्व आहे. सावकाश गोठवलं की मांसात मोठे बर्फकण होतात, पेशी फाटतात आणि वितळवल्यावर पाणी सुटून मासा चोथा होतो. वेगाने गोठवलं की कण बारीक राहतात. शिवाय खरेदी प्रचंड, म्हणून भाव हातात. अमेरिकेच्या मधोमध, जिथे लोकांनी समुद्र पाहिलाही नव्हता, तिथे कोळंबी मध्यमवर्गाच्या ताटात आली.

म्हणजे पुरवठा सुटला की चेन वाढते, हे सिद्ध झालं. पण गोष्ट इथे संपत नाही.

२००३ मध्ये त्यांनी 'पाहिजे तेवढे खेकडे खा' अशी योजना काढली. हिशेब सरासरीवर केला होता. पण सरासरी माणूस अशा योजनेला येतच नाही, येतो तो पोट मोकळं ठेवून! हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. अनलिमिटेड थाळीच्या हॉटेलवाल्याने आपल्या पोरांची टोळी येताना पाहिली की त्याचा चेहरा कसा होतो ते आठवा. वर त्याच काळात खेकड्याचे भाव चढले. योजना अंगाशी आली आणि कंपनीच्या अध्यक्षांना जावं लागलं.

२०१४ मध्ये गोल्डन गेट कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने ही चेन सुमारे २१० कोटी डॉलरना घेतली. पैसे उभे करायला जवळजवळ पाचशे हॉटेलांच्या जागा १५० कोटी डॉलरना विकल्या आणि त्याच जागा भाड्याने घेतल्या. कालपर्यंत स्वतःच्या घरात राहणारा आज भाडेकरू झाला. गिऱ्हाईक येवो न येवो, भाडं चुकत नाही. पुढे कोळंबीचा मोठा पुरवठादार असलेली थायलंडची थाई युनियन कंपनीच भागीदार झाली. २०२३ मध्ये २० डॉलरमध्ये पाहिजे तेवढी कोळंबी ही योजना कायमची केली गेली आणि एका तिमाहीत सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचा तोटा जाहीर झाला. मे २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, बऱ्याच शाखा बंद केल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या मालकांच्या हाती ती त्यातून बाहेर आली.

पेपरात बातमी आली ती 'कोळंबीने बुडवलं' अशी. गंमत म्हणून ठीक आहे, पण इंजिनिअरने एवढ्यावर थांबू नये. कोळंबी ही शेवटची काडी होती. आधीपासून भाड्याचं ओझं होतं, गिऱ्हाईक घटत होतं, आणि ते परत आणायला दर पाडला होता. बर्फाचं गणित त्यांनी छान सोडवलं, वहीतलं चुकवलं.

५) आता नेवाशाचं बोला!

आपल्या तालुक्याच्या कडेला गोदावरी-प्रवरेच्या संगमापर्यंत नाथसागराचा फुगवटा येतो. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चं, एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी. या पाण्यात भोई समाजाची कुटुंबं मासेमारी करतात. रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, चिलापी ही आपली मासळी. गोड्या पाण्याच्या माशाला समुद्री मासळीसारखा उग्र वास लवकर येत नाही, कारण तो वास ज्या द्रव्यापासून बनतो ते यांच्यात फार कमी असतं. पण म्हणून बर्फात कसूर करून चालत नाही. वास आला नाही तरी जंतू वाढतच असतात.

तेव्हा आपल्या भावी 'चेन'वाल्यांसाठी चार मुद्दे :

पहिला, पापलेट-सुरमईच्या नादी लागू नका. ती मुंबईहून रात्रभर प्रवास करून येणार आणि जून-जुलैत बंदीच्या काळात आणखी महागणार. दारात जे पाणी आहे त्यातला मासा विका. उजनीच्या फुगवट्यावरच्या भिगवणने हेच केलं. तिथली मासळी इतकी नावारूपाला आली की पुणे-सोलापूर रस्त्यावर गावाचं नाव हीच जाहिरात झाली.

दुसरा, पाण्यावर फार विसंबू नका. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा जिवंत साठा संपून मृत साठ्यावर वेळ आली होती. अशा वर्षी मासळी कुठून आणणार, हे पहिल्याच वर्षी ठरवून ठेवा. शेततळ्यातली मत्स्यशेती हा एक मार्ग आहे.

तिसरा, कॅलेंडर पाहा. नेवासा म्हणजे ज्ञानेश्वरीचं गाव, पैस खांबाचं गाव. एकादशीला, श्रावणात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळी उठणार नाही. शनिवारी शिंगणापूरला जाणारी गर्दी रस्त्यावर दिसेल, पण ती देवदर्शनाची गर्दी आहे, मासे खाणारी नाही. रस्त्यावरच्या गाड्या मोजून धंद्याचा अंदाज करणारे इथेच फसतात. अशा दिवशी शाकाहारी पिठलं-भाकरी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत देता आली तर गाळाही चालेल आणि गावाचा मानही राहील.

चौथा, दुसरी शाखा एका बर्फाच्या टेम्पोच्या टप्प्यात काढा. संगमावरून नगर आणि संभाजीनगर दोन्ही काही तासांत जाऊन-येऊन होण्यासारखी. साठा मध्ये एकच ठेवा. एक शाखा हायवेला आणि एक शहरात असेल तर दोघींची गर्दी एकाच दिवशी पडत नाही आणि मघाशी काढलेल्या वर्गमुळाचा फायदा मिळतो. तिसरीचं नाव मात्र दुसरीने वर्षभर स्वतःच्या पायावर उभं राहून दाखवल्याशिवाय काढू नका.

६) स्वाध्याय

कर्जाचा अर्ज भरण्याआधी एक वही घाला. शंभर दिवस रोज चारच आकडे लिहा : किती किलो मासळी घेतली, किती प्लेटा गेल्या, किती माल उरला आणि किती वेळा "संपलं" म्हणावं लागलं. हा चौथा आकडा कोणीच लिहीत नाही, कारण न झालेल्या विक्रीचं बिल फाटत नाही. पण दुसरी शाखा काढायची की नाही, हे तोच सांगतो.

आणि हे गणित सोडवून पाहा : वरच्या उदाहरणात मासळीचा भाव १०० वरून १४० रुपये झाला, प्लेटचा दर मात्र २५० च राहिला. उरलेला माल फेकावा लागत असेल तर प्रमाण किती येतं? बर्फाची सोय असेल आणि तोटा ४० रुपये धरला तर किती? दोन्ही उत्तरं काढा, शेजारी लिहा आणि मग ठरवा की पहिली गुंतवणूक रंगीत पाटीत करायची की बर्फाच्या पेटीत.